कागदावरचे वाचणाऱ्या मोनिका टीचर

१. मी आठवीत असताना आमच्या गणिताच्या शिक्षिका मोनिका टीचर यांनी रविवारी सकाळी, चर्चमधली मिस्सा आटोपल्यावर, प्रोग्रामिंगचा वर्ग सुरू केला.

२. शाळेत संगणक नव्हता. आम्हा मुलांपैकी कुणी पाहिलेलाही नव्हता.

३. आम्ही चौकटींच्या कागदावर प्रोग्राम लिहायचो. टीचरांचे यजमान पास्कल अंकल मुंबईत एका कचेरीच्या संगणक विभागात होते. साहेबांच्या परवानगीने ते आमच्या कागदांवरच्या ओळी भोके पाडून कार्डांवर उतरवत आणि यंत्रावर चालवून आणत.

४. उत्तर पुढच्या रविवारी मिळे.

५. वर्ग आजही चालू आहे. आता टीचरांच्या घरी टीव्हीला जोडायचे छोटे यंत्र आहे, पण आधी कागद, मग यंत्र हा नियम कायम आहे.

६. यंदा टीचरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. मुलांच्या कागदांवरची अक्षरे त्यांना आता दिसत नाहीत. नाताळनंतर वर्ग बंद करावा, असे त्यांच्या मनात आहे.

शेवटचा मुद्दा मी त्यांना विचारून लिहिला आहे. "डोळ्यांचं लिही," त्या म्हणाल्या, "पण रडकं लिहू नकोस."

माझा पहिला प्रोग्राम पाण्याच्या पाळीचा होता. आमच्या विहिरीवर तीन घरांच्या केळीच्या वाड्या भिजत, आणि पाळीवरून घरात रोज बोलाचाली होई. ती यंत्राने ठरवावी, असे मला वाटले. घरांना मी क्रमांक दिले. आमचे घर अर्थातच एक.

पुढच्या रविवारी अंकलनी कागदाची जाड चळत माझ्यासमोर ठेवली. पानोपानी एकच आकडा होता. एक, एक, एक.

"काय गो बाय," ते म्हणाले, "सगळं पानी तुमच्याच वाडीला?"

अंकल अबोल आहेत. आजवर ते माझ्याशी एका दमात याहून जास्त बोललेले नाहीत.

मुले हसली. मी कागद घडी करून दप्तरात घातले आणि परत यायचे नाही असे ठरवले. टीचरांनी ते ओळखले असावे. त्यांनी सगळ्यांना अंगणात नेले, एकेका मुलाला माझ्या प्रोग्रामची एकेक ओळ दिली आणि रांगेत उभे केले. माझ्या हातात पाटी दिली. तिच्यावर एक हा आकडा लिहिला होता. "आता तू यंत्र. ओळ सांगेल तेवढंच करायचं."

एक ओळ म्हणाली, पाटीवरच्या घराला पाणी दे. पुढची म्हणाली, तिन्ही घरं झाली नसतील तर मागे जा. मी मागे गेले. पुन्हा पाणी, पुन्हा मागे.

"अगं, सात फेरे झाले," शेवटच्या ओळीचा डॉमनिक ओरडला, "लग्न लागलं!"

तेव्हा मी थांबून पाटीकडे पाहिले. घराचा आकडा पुढे न्यायला कुणी सांगितलेच नव्हते. मीही हसले. टीचर एवढेच म्हणाल्या, "यंत्रानं तुझं ऐकलं. त्याच्यावर चिडू नकोस, स्वतःवरही नको."

मुलांच्या चुका त्यांनी कधी लाल शाईने खोडल्या नाहीत. त्या चुकीला चालायला लावत.

बारावीनंतर मला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि आईने मुंबईला पाठवायला नकार दिला. टीचर घरी आल्या. आई मोगऱ्याच्या कळ्या खुडत होती. त्याही शेजारी बसून खुडू लागल्या. परडी अर्धी भरली.

"एकटी पोर रोज मुंबईला जाणार," शेवटी आईच म्हणाली.

"एकटी कुठे, वहिनी? आमचे हे आहेत ना सोबतीला. दोघांचं छान जमेल. तेही बोलत नाहीत, हीही बोलत नाही."

आईला हसू आले. मी इंजिनिअर झाले.

गेल्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेले, तेव्हा खिडकीपाशी त्या एका मुलीचा कागद डोळ्यांजवळ धरून होत्या. तो माझ्याकडे देत म्हणाल्या, "तू वाच." मी ओळीने वाचू लागले. मधेच त्यांनी हात वर केला.

"थांब. बेरीज करायला लागली, पण आधी बेरजेच्या जागी शून्य कुठे ठेवलं?"

मी पुन्हा पाहिले. नव्हते ठेवलेले. माझ्याही नजरेतून ते सुटले होते.

"मग वर्ग बंद कशाला करायचा?" मी विचारले. "मुलं स्वतःच वाचून दाखवतील."

"नाही गं. ज्यानं लिहिलं तो मनातलं वाचतो, कागदावरचं नाही. चूक त्याच्या तोंडून येतच नाही. वाचायला दुसरं कुणीतरी लागतं. दर रविवारी मी कुणाला बोलवू?"

याचे उत्तर मी तेव्हा दिले नाही. ते आज, त्यांच्या सर्व विद्यार्थ्यांसमोर, इथे देते आहे.

टीचरांची प्रकृती चांगली राहो. पास्कल अंकल त्यांच्या सोबतीला राहोत. आमच्या मुलांच्याही चुका त्यांच्या कानांवर पडाव्यात, इतके आयुष्य त्यांना लाभो.

टीचरांना मुलांचे कागद वाचून दाखवणाऱ्याला प्रोग्रामिंग येत असलेच पाहिजे असे नाही. कागदावर जे आहे तेच वाचता आले पाहिजे. वेळ रविवारी नऊ ते अकरा. महिन्याचा पहिला रविवार मी घेतला आहे. उरलेल्यांपैकी आपण कोणता घ्याल, ते कृपया ३० नोव्हेंबरपर्यंत मला पोस्टकार्डाने कळवावे.