देव झालेले राक्षस
चिकण मातीचा वास आला की मला गणपतीआधी माझे राक्षस आठवतात. डिचोलीच्या खाणी बंद पडल्या आणि खनिज वाहणारा माझा ट्रक दारात इतके दिवस उभा राहिला, की त्याच्यावर चढलेल्या वेलीच्या दुधींवर अख्खा वाडा जेवायचा. मीही तसाच खाटेवर पडून. मग हरमलला राहणाऱ्या एका गोऱ्याने मला इवल्या राक्षसांच्या बाहुल्या मांडून फाशांवर खेळायची लढाई शिकवली आणि मी खाटेवरून उठलो तो सेनापती होऊनच. उडणारे कुठे, सुळेवाले पुढे की मागे, याच विचारात जेवणावरून हात न धुता उठायचो. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी आमची लढाई ठरली. मी हाताने घडवलेली बोटाएवढी मातीची फौज पावसात वाळेना. घरात कोरडी जागा एकच, गणपतीच्या समयांजवळ. तिथे ठेवली, तर सकाळी आईने एकेका राक्षसाला हळदकुंकू लावून दूर्वा वाहिलेल्या! "आये, ते राक्षस गो!" "आसतीत. आता पूजा झाली मरे. सांजेक गणपतीवांगडा तेंकाय पोचवूक होये." "आणि माझी लढाई?" "ती देवाक सांग." संध्याकाळी घुमट वाद्यांच्या गजरात गणपतीमागोमाग माझी फौज व्हाळाच्या पाण्यात उतरली आणि विरघळली. लढाईला आलेला गोरा काठावर टोपी काढून उभा. म्हणाला, इतक्या शिस्तीत मेलेलं सैन्य त्याने जगात पाहिलं नाही. घरी परतेपर्यंत माझ्या डोक्यात नवी फौज उभी होती. आज ट्रक पुन्हा धावतो, तरी खाणीवर ट्रकांच्या रांगेत थांबलो की मी फौजाच आखतो. वाळवतो मात्र संडासातल्या फळीवर. तिथे आई दिवा लावत नाही.