वकीलसाहेबांच्या पदरचं ‘नाही’

यवतमाळातल्या शिकल्यासवरल्या लोकांचं मंडळ करायचं आणि रविवारी रविवारी खेड्यांचं भलं करायचं, ही कल्पना वकीलसाहेबांची. मंडळात एक डॉक्टर, एक ओव्हरसियर आणि मुलींच्या शाळेतली मास्तरीण म्हणून मी. नवं राज्य झालं होतं, आमच्या अंगात वारं भरलं होतं. चहा वकिलीणबाईंचा, उत्साह आमचा.

दिग्रसजवळच्या एका बंजारा तांड्यावर ओव्हरसियरसाहेबांनी जातीनं उभं राहून पक्की विहीर बांधून घेतली. तोवर तांडा नाल्याच्या वाळूतल्या झिऱ्यावर जगायचा. खड्ड्यात पाणी झिरपेल तसं वाटीवाटीनं घागरीत भरायचं. डॉक्टर म्हणाले, हा खड्डा म्हणजे पटकीला आवतण, बुजवाच. वकीलसाहेब रीतसर माणूस. त्यांनी बायांना जमवून विचारलं, “झिरा बुजवायला कोणाची हरकत?”

पुढे उभी असलेली म्हातारी म्हणाली, “कोनी.”

“कोणाचीच नाही!” साहेब खूश. त्यातलं ‘नाही’ त्यांनी स्वतःच्या पदरचं घातलं होतं. म्हातारी पुन्हा तेच बोलली, जरा मोठ्यानं. आम्ही तिला हात जोडले आणि झिऱ्यात दगड-मुरूम लोटला.

चैत्रात गेलो, तर विहीर ठणठणीत कोरडी. झिऱ्याच्या जागी बाया हातांनी मुरूम उपसत होत्या. खाली चिखलसुद्धा लागत नव्हता. म्हातारीच्या सुनेला मी जरा रागानंच म्हटलं, “अगं, तेव्हाच का नाही सांगितलं?”

ती हातांवरचा मुरूम झटकत म्हणाली, “सांगतलं नं बाई! बुढी नाहीच म्हनून राह्यली होती. आमच्या बोलीत कोनी म्हंजे नाही. उन्हाळाभर आमी झिऱ्याचंच पानी पेतो. तुमी तं तिले हात जोडले!”

आता पाणी लांबच्या नदीवरून, भर उन्हात, डोक्यावर. म्हातारी रिकामी घागर घेऊन माझ्यासमोरून गेली. तिनं शिव्या घातल्या असत्या तर मला सोसलं असतं.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. डॉक्टर “अरेरे” म्हणाले. ओव्हरसियरसाहेब बशीत चहा ओतत राहिले. वकीलसाहेबांनी पुढच्या रविवारसाठी झरीकडचं एक गाव सुचवलं.

“तिथली माणसं कोलामी बोलतात,” मी म्हटलं.

“मग उत्तमच,” ते म्हणाले. “तिथं विचारत बसायला नको.”