बाबांचा कूलर

बाबांनी अकोल्याहून कूलर आणला तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. आई गेल्यावर त्यांना कोलकात्याला आमच्याकडे आणायचं ठरलं, तर सामानात कपडे नावाला आणि हा पत्र्याचा अवजड डबा सगळ्यात पुढे! सॉल्ट लेकच्या आमच्या क्वार्टरमध्ये तो चढवताना माझ्या नवऱ्याची आणि दोन हमालांची पार दमछाक झाली.

बाबा शाळेत विज्ञान शिकवायचे. मी त्यांच्याच वर्गात होते. बाष्पीभवन हा त्यांचा लाडका धडा. फळ्यावर चार मुद्दे पडायचे: पृष्ठभाग, तापमान, वारा, हवेतली आर्द्रता. पहिले तीन ते ओला रुमाल पसरून, उन्हात धरून, पंख्याखाली टांगून दाखवायचे. चौथ्यापाशी आले की म्हणायचे, "हे नुसतं लिहून ठेवा, एका मार्काला येतं." अकोल्याच्या उन्हाळ्यात ते आर्द्रता दाखवणार तरी कुठून? तिथे दोरीवरचा टॉवेल बघता बघता कडक व्हायचा आणि वाळ्याच्या कूलरपुढे झोपलेल्याला पहाटे पांघरूण लागायचं.

इथे मे महिन्यात टॉवेल दिवसभर दमटच राहतो, कुबट वास मारतो. पण सांगणार कोणाला! एसीनं म्हणे त्यांचे सांधे धरतात. खिडकीला ग्रिल, म्हणून कूलर खोलीतच ठेवला आणि बाहेरची झळ नको म्हणून खिडक्या गच्च लावून घेतल्या. भिंतीला बुरशी आली. डब्यातले पापड मऊ पडले. बाबा बाहेर यायचे ते अंगाला चिकटलेल्या बनियनमध्ये, आणि वर म्हणायचे, "बघ, कसा गारवा आहे."

"कसला गारवा, बाबा! आत उकडून निघताय तुम्ही. हवेत आधीच पाणी भरलंय, त्यात हा कूलर आणखी ओततोय. तुमचाच चौथा मुद्दा आहे हा!"

"पोरी, मला शिकवू नकोस," ते म्हणाले आणि कूलरचा पंखा वाढवला.

असा राग आला होता मला त्यांचा! अजूनही येतो.

त्या दिवशी ते फोन उचलेनात म्हणून मी दुपारीच ऑफिसातून घरी आले. खोलीत कूलर घरघरत होता. बाबा पलंगावर पडले होते, डोळे अर्धवट उघडे, अंग तव्यासारखं तापलेलं, तोंडानं काहीतरी असंबद्ध बडबडत होते. लहानपणी आम्हाला ऊन लागलं की ते ओल्या चादरीत गुंडाळायचे, तेवढंच मला सुचलं. चादर भिजवून अंगावर टाकली, खिडक्या उघडल्या, अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत पुठ्ठ्यानं वारा घालत राहिले. अकोल्यात ती चादर ताप ओढून घेत वाळत गेली असती. इथे ती ढिम्म ओलीच. "वाळ गं बाई, वाळ," मी चादरीच्या विनवण्या करत होते आणि रडत होते.

हॉस्पिटलमध्ये त्यांना बर्फ लावला. डॉक्टर हिंदीत म्हणाले, उष्माघात आहे. घाम वाळलाच नाही, म्हणून अंगातली उष्णता बाहेर पडली नाही. जीव वाचला. मेंदूला बसायचा तो धक्का बसलाच, आणि तो कायमचा.

कूलर भंगारवाल्याला देऊन टाकला. आता बाबांच्या खोलीत एसी चालू असतो. ते नाही म्हणत नाहीत. आता ते कशालाच नाही म्हणत नाहीत. शाल पांघरून बसतात, भरवू ते खातात. भांडा ना माझ्याशी, असं ओरडावंसं वाटतं.

मागच्या आठवड्यात मी टॉवेल झटकून दोरीवर टाकत होते, तर ते टक लावून बघत होते. मला वेडी आशा वाटली. मी तो ओला टॉवेल त्यांच्या हातात दिला आणि विचारलं, "सांगा बाबा, हा लवकर वाळायचा तर काय काय लागतं?"

त्यांनी तो मांडीवर पसरला, हातानं नीट सपाट केला. बराच वेळ विचार केला. मग ओशाळून हसले.

"मला नाही येत हो, ताई," ते म्हणाले. "तुम्ही सांगाल का?"