थेंबाची अट

माझी थोरली जाऊ विजया बोईसरच्या बाजारात मासळी विकते. तिच्या पाटीसमोर हुज्जत घालून जिंकलेलं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. एकदा शब्द तोंडातून गेला की गेला, मागे घेणं तिच्या रक्तात नाही. नवऱ्याशी नाही, पोराशी नाही आणि माझ्याशी तर मुळीच नाही. अशा बाईनं स्वतःचा शब्द कसा मोडला ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणून सांगते.

तिचा नवरा, म्हणजे आमचे रामनाथ भाऊजी, यांची सागवानी होडी सासऱ्यांच्या वेळची. गेल्या वर्षी भर समुद्रात तिची एक फळी सुटली. जुने खिळे गंजून गेले होते. भाऊजी आणि बरोबरचे खलाशी बादल्यांनी पाणी उपसत कसेबसे नवापूरच्या किनाऱ्याला लागले. विजया वाळूत उभी होती. ती रडली नाही की ओरडली नाही. मुकाट घरी गेली आणि कितीतरी दिवस नवऱ्याशी बोलली नाही. तिचं ओरडणं परवडतं, गप्प बसणं सोसत नाही.

मग होडी वाळूत झावळ्यांखाली पडून राहिली आणि घरात वाद सुरू झाला. मुलगा प्रीतम कुंभवलीजवळच्या कारखान्यात नोकरीला. त्याचं म्हणणं, लाकूड विकून टाका आणि फायबरची घ्या, हलकी असते, सडत नाही, तेल पाजायला लागत नाही. खरं सांगते, मला त्याचं पटत होतं. होड्यांचे सुतार राहिले नाहीत, धड लाकूड मिळत नाही, अशात जुनी होडी ठेवणं म्हणजे दारात हत्ती पोसणं. भाऊजी म्हणायचे, लाकडाची एक फळी बदलली की होडी पुन्हा उभी राहते. तेही खोटं नव्हतं. दोघंही बरोबर बोलत होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हतं.

शेवटी विजयानं तोंड उघडलं. "करा दुरुस्त," ती म्हणाली. "पन पाण्यात घातल्यावर येक थेंब जरी आत आला, तर मी तिला फोडायला दिली समजा." प्रीतमनं लगेच पालघरच्या एका लाकूडवाल्याला सांगून ठेवलं.

आता हिची लबाडी बघा. आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं की वर्षभर सुकलेली होडी पाण्यात घातली की आधी गळतेच. म्हणून फळ्यांच्या सांध्यांत तेलात बुडवलेला कापूस हलक्या हातानं भरायचा. आत पाणी येऊ द्यायचं, उपसत राहायचं. लाकूड पाणी पितं, फुगतं, फळीला फळी भिडते आणि गळती आपोआप बंद होते. विजयालाही हे पक्कं माहीत होतं. पाळता येऊ नये म्हणूनच तिनं ती अट घातली होती. नवरा पुन्हा त्या होडीतून जायला नको, एवढंच तिला हवं होतं. भाऊजींनी मान डोलावली आणि कामाला लागले. कुजक्या फळ्या बदलल्या, खिळे नवे मारले. कापूस मात्र कुणाला जवळ न येऊ देता एकट्यानं भरला.

वैशाखातल्या पुनवेच्या भरतीला होडी खाडीत उतरवली. पाणी चढलं, आणि आत एक थेंब नाही. विजया तळाला कोरडं फडकं फिरवून बघायची आणि फडकं कोरडंच निघायचं. लोक भाऊजींची पाठ थोपटत होते. मला चैन पडेना. न गळणारी जुनी होडी मी जन्मात पाहिली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी होती. होडी खाडीच्या चिखलात बसली होती. प्रीतम लाकूडवाल्याला दुपारी घेऊन येणार होता, थेंब आला तर होडी त्याची. विजया आणि मी आत चढलो तेव्हा खालून कुरकुर ऐकू आली. मग काहीतरी तडकलं. विजया वाकली. बदललेल्या फळीजवळच्या नव्या खिळ्याचं डोकं लाकडातून वर आलं होतं. शेजारचाही निघू पाहत होता. लाकूड फुगलं होतं, पण फुगायला त्याला जागाच नव्हती.

तिनं काठावर बसलेल्या भाऊजींकडे पाहिलं. "अवो, किती कापूस ठासलाय?"

"तू थेंब नको म्हणालीस ना," भाऊजी म्हणाले.

मला त्यांचा राग आला. सगळा जन्म होड्यांत गेलेला माणूस बायकोच्या एका वाक्यापायी आपल्याच होडीचा गळा दाबून बसला होता. कापूस तसाच राहिला असता तर पुढच्या भरतीला फळ्या आणखी फुगल्या असत्या आणि खिळे उपटून सांधे उघडले असते. कापूस काढावा तर होडी गळणार. भाऊजी म्हणाले, असू दे, नशिबात असेल ते होईल.

विजयानं पदर खोचला, त्यांच्याजवळची छिन्नी घेतली आणि गुडघाभर चिखलात उतरली. मला म्हणाली, "वर्षे, तू त्या बाजूनं धर." ती सांध्यांतला कापूस उकरून काढायला लागली. तो इतका घट्ट होता की बोटं सोलून निघाली. समोर खाडीच्या तोंडाशी पाणी वळायला लागलं होतं. मग भाऊजीही उतरले. पाणी पोटऱ्यांना लागलं, तरी ती शेवटचा सांधा सोडेना. मी ओढून तिला होडीत घेतलं.

भरतीनं होडी उचलली आणि सांध्यांतून पाणी आत आलं. थेंब नव्हे, चांगल्या धारा. आम्ही तिघं उपसत होतो. पाणी घोट्यापर्यंत राहत होतं, पण कुरकुर थांबली होती.

तेवढ्यात बंधाऱ्यावर टेम्पो येऊन थांबला. प्रीतम उतरला, मागोमाग लाकूडवाला. होडी खाडीच्या मधोमध होती, काठावरून तिचा तळ दिसत नव्हता. भाऊजींनी भरलेली बादली कडेवरून ओतायला उचलली होती. विजयानं त्यांचं मनगट गच्च धरलं.

"आये," प्रीतमनं हाक मारली, "पानी आलं का?"

तिच्या साडीचा काठ पाण्यात तरंगत होता.

"नाय रे," ती म्हणाली. "कोरडी हाय."

टेम्पो वळून दिसेनासा झाला, तेव्हाच तिनं भाऊजींचं मनगट सोडलं.