खालून येणारा ठोका

आमची जीप माझ्याहून पाचच वर्षांनी लहान आहे. दिवाळी सरून परभणीकडची थंडी सुरू झाली की रोज सकाळी ती माझा अंत पाहते. चार-चार वेळा सेल मारावा लागतो. घमेल्यात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून ते इंजिनखाली सरकवायचं, आतलं ऑइल जरा पातळ झालं की मगच चावी फिरवायची, ही आप्पांची शिकवण. मी शिक्षिका आहे आणि माझ्या शाळेच्या वेळेला बस नाही, त्यामुळे जीपचे नखरे सोसण्यावाचून मला इलाज नसतो.

आप्पा म्हणजे माझे वडील. देवगाव फाट्यावर त्यांचं गॅरेज होतं. ते बंद करून दोन वर्षं झाली, तरी लोक अजून गाडी घेऊन आमच्या दारात येतात. इंजिन उघडायच्या आधी आप्पा ते ऐकायचे. गाडी चालू ठेवायला सांगायचे, लाकडी मुठीचा लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊन बॉनेटमध्ये पार कमरेपर्यंत वाकायचे आणि बाहेर आले की एकच शब्द बोलायचे. टापेट. पंप. बेअरिंग. ते चुकल्याचं मला तरी आठवत नाही. स्वभावाने मात्र एकलकोंडे. पाठीमागून हाक मारली तर ओ द्यायचे नाहीत, फोन तर हातातच घ्यायचे नाहीत. ऐकून न ऐकल्यासारखं करतात म्हणून मी त्यांच्याशी खूप भांडले आहे. भांडायला मला फारसं निमित्त लागत नाही, हेही खरं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मी त्यांचे दात काढून घेतले. एक दाढ महिनाभर ठणकत होती आणि हिरड्याही खराब झाल्या होत्या. एखादं काम हातात आलं की मला ते एका फटक्यात संपवायचं असतं. परभणीला नेलं, सगळे दात काढले, जखमा भरल्यावर कवळी बसवली. कवळीत ते चांगले दहा वर्षांनी तरुण दिसायला लागले. मी कौतुकाने शेजारणींना बोलावून दाखवलं. आप्पा काही हसले नाहीत.

त्यानंतर आठवड्याभरात जीपमधून आवाज यायला लागला. सकाळी सुरू केली की पहिली काही मिनिटं ठक, ठक, ठक. मग इंजिन तापलं की दबायचा. मी गॅरेजातच वाढलेली. टापेटची टिकटिक वरून येते आणि हलकी असते, हा ठोका जड होता आणि खालून येत होता. आप्पा बॉनेटमध्ये वाकले होते तेव्हा मी मागून तसं म्हणालेही. त्यांनी उत्तर दिलं नाही. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ते वाकून राहिले आणि बाहेर येऊन म्हणाले, "टापेट हाय."

त्यांनी टापेट सेट करून दिले. दुसऱ्या दिवशी आवाज तसाच.

"आप्पा, आवाज येतोच हाय अजून," मी म्हणाले.

"थंडीनं ऑइल घट्ट व्हायलंय. जाईल."

मी चिडले, पण गाडी दुसरीकडे नेली नाही. आप्पांची जीप दुसऱ्याच्या गॅरेजात उभी दिसली असती तर फाट्यावर दिवसभर तोच विषय झाला असता, आणि आप्पा पुन्हा फाट्यावर गेले नसते. त्यांच्याकडे आता तेवढंच उरलं होतं, की लोक अजून त्यांच्या कानावर भरवसा ठेवतात. म्हणून तीन आठवडे मी तो ठोका ऐकत जीप चालवत राहिले. माझा कान खरा की आप्पांचा, असा प्रश्न आमच्या घरात कधी पडलाच नव्हता.

संक्रांतीनंतर एका सकाळी आम्ही दोघं सेलूला निघालो होतो. वाटेत इंजिनने दोन दणके दिले आणि बंद पडलं. ट्रॅक्टरला बांधून गाडी सेलूतल्या एका गॅरेजात आणली. तिथला मिस्त्री एकेकाळी आप्पांच्याच हाताखाली शिकलेला, आता केस पांढरे झालेले. त्याने खालचा भाग उघडला. बेअरिंग झिजून पत्र्यागत झालं होतं.

"ताई, हे महिनाभर खालून ठोकत आसंल. आप्पाला आयकवलं न्हाई का?"

"न्हाई," मी म्हणाले. "माझाच हलगर्जीपणा."

आप्पा तिथे नव्हते. कोपऱ्यात एक ट्रॅक्टर चालू ठेवलेला होता, त्याच्यापाशी ते आमच्याकडे पाठ करून उभे होते. मी जवळ गेले तेव्हा मला ते बाजूने दिसले. त्यांनी कवळी काढून खिशात टाकली. तिथलाच एक स्क्रू ड्रायव्हर उचलून त्याचं टोक इंजिनला लावलं आणि लाकडी मूठ तोंडात घेतली. हिरड्यांत ती धरवेना, दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्यांनी ती शर्टाला पुसली आणि स्क्रू ड्रायव्हर होता तिथे ठेवून दिला.

हात मोकळे नसले की सगळेच मिस्त्री पाना दातात धरतात. त्यामुळे आप्पांच्या दातांत स्क्रू ड्रायव्हर दिसला तरी इतक्या वर्षांत कुणालाच, मलाही, त्यात काही वेगळं वाटलं नव्हतं.

बाहेरच्या बाकावर मी त्यांच्यासमोर बसले. "आप्पा, कवापासून आयकू येत न्हाई?"

"ल्हानपणी कान फुटले. मग गेलेच." ते शांतपणे सांगत होते. "माणसाचं तोंड बघून कळतं मला. इंजिनचं दातानं आयकायचो. हाडातून पार डोक्यात वाजायचं. तुझ्या आईला ठावं व्हतं."

"आन् आता?"

"आता काईच न्हाई."

मी लगेच सुरू झाले. उद्याच कानाच्या डॉक्टरकडे जाऊ, मशीन घेऊ, रजा टाकते. मध्येच लक्षात आलं की मी रस्त्याकडे, बस येते का ते पाहत बोलतेय. मी वळले आणि सगळं पुन्हा त्यांच्या तोंडासमोर सांगितलं. त्यांनी मान हलवली.

"मग तुमी दात काढू कशाला दिले, आप्पा? तवाच का न्हाई सांगितलं?"

त्यांनी खिशातली कवळी चाचपली.

"मला वाटलं, ती एक दाढ काढायलेत. डॉक्टरच्या तोंडाला मास्क व्हता, काय इचारलं ते कळलं न्हाई. तू हो म्हणलीस, तेवढं दिसलं. म्हणून मीबी मान हलवली."