तायाप्पांची पाच मिनिटं

किस्से कुणी ठरवून साठवत नाही. शर्टाच्या खिशात बसची तिकिटं जमतात तसे ते जमतात. शर्ट धुवायला टाकताना एकदम पाच-सात सापडतात आणि आपण एवढं कधी फिरलो, असा प्रश्न पडतो. निवृत्तीनंतर मी दर शनिवारी विश्रामबागेतल्या एका कॉलेजात जातो, तिथले हे किस्से. नवा धंदा काढणाऱ्यांनी गुंतवणूकदारांपुढे पाच मिनिटांत तो कसा मांडायचा, म्हणजे ‘पिच’ कसं करायचं, हे मी शिकवतो. निदान दारावर तशी पाटी आहे.

*

माझी पात्रता आधीच सांगून टाकतो. कंट्रोल सिस्टिम्समध्ये पीएचडी, चौतीस वर्षं अध्यापन आणि विक्रीचा प्रयत्न एक. जुनी स्कूटर विकायला काढली तेव्हा मी गिऱ्हाइकाला तिचे दोष क्रमवार सांगितले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, तुम्ही ही चालवता? सांभाळून जात जा." स्कूटर अजून जिन्याखाली आहे.

*

रेश्मा माझ्या शेवटच्या बॅचची विद्यार्थिनी. एका शनिवारी ती वडिलांना घेऊन आली. तायाप्पा आटपाडीकडचे, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागे फिरलेल्या घरातले. दोघांनी मिळून मेंढीच्या गळ्यात बांधायचा एक पट्टा केला होता. एखादी मेंढी भरकटली किंवा सगळा कळप अचानक पळू लागला, की मालकाचा फोन वाजतो. कल्पना बापाची, सर्किट लेकीचं.

रेश्माला पुण्याच्या एका कंपनीत नोकरी लागलेली होती. महिन्याभरानं साताऱ्यात पिच होतं. तिथं कुणी पैसे घातले तर ती पट्ट्यासाठी घरी राहणार होती. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी पुण्यात रुजू. तयार पट्टे तीनच होते आणि ते जोडता येणारी ती एकटी.

मी म्हणालो, "पहिल्या स्लाइडवर प्रॉब्लेम स्टेटमेंट हवं. म्हणजे आपण नेमका कुठला प्रश्न सोडवतोय?"

तायाप्पांनी माझ्याकडे जरा काळजीनं पाहिलं. "लांडगा," ते म्हणाले.

मी फळ्यावर पंधरा ओळींची जागा सोडली होती. तिथं ‘लांडगा’ एवढंच लिहिलं आणि लांबून बघितलं. चौतीस वर्षांत माझं एकही वाक्य इतकं पुरं झालं नव्हतं.

*

पुढच्या शनिवारी स्पर्धकांची स्लाइड. मी बजावलं, "आम्हाला स्पर्धकच नाही, असं कधी म्हणायचं नाही. गुंतवणूकदार चिडतात."

"हाय की," तायाप्पा म्हणाले. "कुत्रं."

मग कुत्रं आणि पट्टा यांचा तुलनात्मक तक्ता करायचा ठरला. पण तायाप्पा कुत्र्याविरुद्ध एक शब्द बोलायला तयार नव्हते. "गुरुजी, दोन पिढ्या राखलंय त्याच्या घराण्यानं. कुठल्या तोंडानं वाईट बोलू?"

रेश्मा चिडली. "आबा, आपण पट्टा विकतोय. कुत्रं न्हाई."

"म्हणून काय खोटं बोलायचं?"

तक्ता तयार झाला. सहा ओळींपैकी चार ओळींत कुत्रं जिंकलं. मी घाबरून म्हणालो, निदान दोन ओळी गाळू या. तायाप्पा म्हणाले, "तुमी पोरांला काय शिकवत हुता? नको ते आकडं गाळायचं?"

वाईट आलेलं रीडिंगसुद्धा वहीत लिहा, म्हणून मी पोरांवर आयुष्यभर ओरडलो होतो. तक्ता तसाच राहिला.

*

रंगीत तालमीला मी दुसऱ्या वर्षाचा अख्खा वर्ग श्रोते म्हणून बसवला. साठ जण. मध्ये चहाची सुट्टी झाली. पोरं परत येऊन मिळेल तिथं बसली. तायाप्पा बोलायला उभे राहिले, वर्गावरून एकदाच नजर फिरवली आणि थांबले.

"तिघं आली न्हाईत," ते म्हणाले. "खिडकीजवळची चष्म्याची पोरगी, निळा सदरा, अन्‌ लय जांभया देत हुता तो."

हजेरी घेतली. तिघं. तेच तिघं.

मी विचारलं, "इतक्या लवकर मोजलंत कसं?"

"मोजत न्हाई आमी. मेंढरं मोजली की कमी हुत्यात म्हणत्यात." मग जरा संकोचून म्हणाले, "कोण न्हाई ते दिसतंय की."

मी तीन दशकं हजेरी घेतली. मला कधीच कोणी दिसलं नव्हतं.

*

आता साताऱ्याचं. समोर तीन परीक्षक. मधले गृहस्थ मूळचे कोरेगावचे, मोठे कारखानदार, कडक म्हणून प्रसिद्ध. तायाप्पांनी ‘लांडगा’ म्हटलं आणि फोन बघणाऱ्यांनी माना वर केल्या. कुत्र्याच्या तक्त्यावर परीक्षक हसले, पण वाकून वाचू लागले. रेश्मानं पट्टा चालवून दाखवला. आता शेवटची स्लाइड यायची होती: किती पैसे हवेत आणि त्याबदल्यात धंद्यातला किती हिस्सा देणार.

कोरेगावकर म्हणाले, "बोला, किती?"

तायाप्पा लेकीला म्हणाले, "बंद कर ते." तिनं लॅपटॉप मिटला.

"भाव चारचौघांत बोलत न्हाईत," असं म्हणून त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातावर पसरला आणि तो हात टेबलावरून पुढे केला.

जनावरांच्या बाजारात अशीच रीत होती. टॉवेलखाली बोटं धरून भाव ठरायचा. भोवतालच्यांना दिसायचे ते फक्त दोन चेहरे. मागच्या रांगेतली पोरं खिदळली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा कोरेगावकर मनगटावरचं घड्याळ काढत होते. त्यांनी टॉवेलखाली हात घातला.

टॉवेल हलला. तायाप्पांनी नाही म्हणून मान हलवली. पुन्हा हलला. कोरेगावकर म्हणाले, "नाही परवडत." तायाप्पा म्हणाले, "मग सोडा हात." कोरेगावकरांनी हात सोडला नाही. मग टॉवेल एकदा हलला आणि थांबला.

शेजारचे परीक्षक म्हणाले, "सर, आम्हालाही कळायला हवं ना."

"कागदावर येईल तेव्हा कळेल," कोरेगावकर म्हणाले आणि घड्याळ बांधू लागले.

परतताना मी गाडीत सारखा विचारत होतो. बोटांनी आकडा कळतो, पण पुढची शून्यं किती, हे दोघांनी एकच धरलं असेल ना? आणि हिस्सा? तायाप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "बाजारात कळतंय ते."

वाटेत मलकापूरला चहाला थांबलो. तायाप्पांनी बाकावर बसूनच रेश्माच्या हातावर टॉवेल टाकला आणि आत आपला हात घातला. तिनं डोळे मिटले. टॉवेल थोडा वेळ हलत होता. मग तिनं हात काढला, फोन उचलला, जरा बाजूला गेली आणि पुण्याच्या कंपनीला सांगितलं, "सोमवारी मी येत नाही."

मी माझाही हात पुढे केला.

तायाप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला. म्हणाले, "गुरुजी, च्या निवतोय."