उंच टोक मागचे

"दीदी, ही नाव कोणी बांधली? ही तर मागे मागे चाललीय!" काचेच्या पेटीसमोर घाटावरचा म्हातारा नावाडी मोठ्याने हसला. नाव मी बांधली होती.

वसुधाताई पेंढरकरांशी माझी खरी ओळख झाली ती या हसण्याने. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हुगळीकाठच्या आमच्या छोट्या नौका-संग्रहालयाच्या त्या प्रमुख होत्या. मी देवगडहून आलेला, सहा महिन्यांच्या बोलीवरचा साहाय्यक. मालवाहू नावेची प्रतिकृती सुट्या भागांत आली होती. आमच्या देवगडकडे नावेचे पुढचे टोक उंच असते. कोणालाही न विचारता मी तसेच धरले आणि सुकाणूचे वल्हे ठेंगण्या टोकाला बसवले. बंगालच्या त्या नावेचे उंच टोक मागचे होते. दुसऱ्या दिवशी समिती येणार होती. मला कायम करायचे की नाही, हे तीच ठरवणार होती.

ताईंनी चावी काढून पेटी उघडली. त्यांचा जन्म कलकत्त्याचा, नावाड्याशी त्या बंगालीत बोलल्या, "काका, हसून झालं असेल तर बसा. आता तुम्हीच दाखवा."

"याच्या गावाला पाणी उलटं वाहतं का?"

"तिकडे समुद्र आहे हो. लाटा समोरून येतात, म्हणून पुढचं टोक उंच."

"मग बरोबर आहे त्याचं," नावाडी म्हणाला, आणि त्याने वल्हे सोडवले. ते जागी बसेपर्यंत ताई शेजारी उभ्या होत्या.

त्या संध्याकाळी त्यांनी मला बालीगंजच्या घरी जेवायला नेले. भात वाढताना म्हणाल्या, "उद्या समितीला मी सगळं सांगणार आहे." मी हातातला घास ताटात ठेवला. "जेवा. मीही रोज त्या पेटीसमोरून जात होते आणि मला दिसलं नाही, तेही सांगणार आहे."

असे त्यांचे काम. पुढे त्यांच्या हाताखाली मी बरीच वर्षे काढली. चूक लपवावी असे पुन्हा वाटले नाही.

आज ताईंना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे सोडले तर त्या ठणठणीत आहेत. गुडघेही बरे व्हावेत, आणि त्यांनी अजून पुष्कळ वर्षे आम्हा सगळ्यांना कामाला लावावे.

त्या जेवणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी समितीला खरोखरच सगळे सांगितले. समितीच्या सचिवांनी नावेभोवती एक फेरी मारली आणि तिथे आलेल्या नावाड्याला विचारले, "आता ठीक?" त्याने मान हलवली. अकराच्या सुमारास मला कायम केल्याचे पत्र मिळाले.